जुन्या कळफलकांचे शोधयात्री

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



पुण्याचे राजा केळकर वस्तुसंग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिथे मन रमते ते घरगुती वस्तूंच्या दालनांत. नाना आकारांचे अडकित्ते, समया, लामणदिवे, दौती, कोरीव दरवाजे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी या वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या, तेव्हा जुना पितळी दिवा मोडीत घालून नवे भांडे आणणे हाच घरोघरचा शिरस्ता होता. शस्त्रांना आणि दागिन्यांना जपणारे पुष्कळ असतात. अडकित्ता मात्र रोजच्या हातातला, म्हणून त्याचे मोल कुणाला वाटत नाही आणि म्हणूनच तो आधी नाहीसा होतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय असाच एक मोडीत निघालेला अडकित्ता आहे. त्याचे नाव संगणकाचा कळफलक, म्हणजे आपण ज्याला सर्रास कीबोर्ड म्हणतो तो. अमेरिका, युरोप आणि जपान येथे जुने, दुर्मीळ कळफलक शोधत फिरणाऱ्या संग्राहकांचा एक पंथच निर्माण झाला आहे. त्यांना संगणक नको असतो. हवा असतो तो नुसता कळफलक. दोन किलोंहून जड, पिवळट पडलेला, ज्याचे टोक आजच्या कुठल्याही यंत्रात बसत नाही असा. घरची माणसे हसतात. पण या माणसांना नेमके काय सापडले आहे हे समजून घेतले, तर हसू बरेच ओसरते.

आरंभ बोटांपासून करावा लागेल. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कळफलकात कळांच्या खाली रबराच्या लहान घुमटांची एक चादर असते. कळ तळापर्यंत दाबली की घुमट चेपतो, खालच्या दोन पातळ पत्र्यांवरचे मार्ग एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. अक्षर नेमके कोणत्या क्षणी उमटले हे बोटाला कळत नाही. म्हणून बोट प्रत्येक वेळी तळ गाठते आणि डोळा पडद्यावर खात्री करतो. आयबीएम कंपनीच्या जुन्या कळफलकांची गोष्ट वेगळी. त्यांत प्रत्येक कळीखाली एक उभी स्प्रिंग असते. कळ दाबत नेली की ती काही अंतर निमूटपणे दबते आणि मग एका ठरावीक बिंदूला अचानक कुशीवर वाकते. वाकताना ती तळाशी असलेल्या छोट्या दांडीला धक्का देते. 'टक्' असा स्वच्छ आवाज होतो, बोटाखालचा विरोध एकदम ढिला पडतो आणि त्याच क्षणी अक्षराची नोंद होते. आवाज, स्पर्श आणि नोंद या तिन्ही गोष्टी एकाच घटनेतून घडतात. आयबीएममधले अभियंते रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या नावावर या रचनेची पेटंटे १९७० च्या दशकात नोंदली गेली. तबलजीची बोटे जशी पुडीवरच्या थापेचा जाब कानाकडून आणि तळव्याकडून एकदमच घेतात, तसे हे आहे. पट्टीच्या टंकलेखकाला अशा कळफलकावर पडद्याकडे पाहावे लागत नाही.

ही रचना प्रथम सर्वत्र पोहोचली ती १९८१ साली, आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर. त्या कळफलकाला संग्राहक 'मॉडेल एफ' म्हणतात. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ८३ कळा होत्या. १९८५ पासून आला तो 'मॉडेल एम'. यात आतली विद्युतरचना स्वस्त केली गेली, स्प्रिंग मात्र तीच राहिली. आणि पुढे त्याच्या १०१ कळांची मांडणी साऱ्या जगाने उचलली. आज आपल्या घरातल्या कळफलकावर बाणांच्या चार कळा जिथे आहेत, वरच्या बाजूला एफ-१ ते एफ-१२ अशी रांग जिथे आहे, ती बैठक या मॉडेल एमने रूढ केली. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन या गावी त्याचा मोठा कारखाना होता. १९९१ मध्ये तो लेक्समार्क या नव्या कंपनीकडे गेला. लेक्समार्कने हे काम थांबवल्यावर १९९६ साली युनिकॉम्प या छोट्या कंपनीने तीच यंत्रसामग्री घेऊन त्याच गावात उत्पादन चालू ठेवले. मॉडेल एम लाखोंच्या संख्येने तयार झाले, म्हणून ते दुर्मीळ नव्हेत. दुर्मीळ आहेत त्यांच्या उपजाती.

इथून शिकारीला रंग चढतो. मॉडेल एम उलटा केला की मागे एक कागदी चिठ्ठी चिकटवलेली दिसते. तिच्यावर भागक्रमांक, अनुक्रमांक आणि तयार झाल्याची तारीख असते. ताम्रपटाच्या अखेरीस शक, संवत्सर, मास, तिथी यावी तशी ही नोंद. संग्राहक समोरची बाजू नंतर पाहतो. आधी कळफलक उलटा करतो. सर्वांत अधिक सापडणारा भागक्रमांक १३९१४०१. तो दिसला की जाणकार पुढे सरकतो. पण अंकांच्या कळांचा उजवीकडचा गठ्ठा वगळून १९८७ पासून काढलेली आखूड आवृत्ती, जिला 'एसएसके' म्हणतात, ती दिसली की हात थांबतो. कारखान्यातील कामासाठी गडद राखाडी पेटीत बसवलेली आवृत्ती दिसली तर अधिकच. कंपनीचे बोधचिन्ह चौकोनी चकचकीत पट्टीवर आहे की राखाडी लंबगोलात की निळ्या लंबगोलात, यावरूनही काळ सांगता येतो. मोडी कागदाच्या वळणावरून तो पेशवाईतला की त्याआधीचा हे सांगणाऱ्या अभ्यासकाची नजर याहून निराळी नसते.

संग्राहकांच्या खऱ्या स्वप्नांत मात्र मॉडेल एम येत नाही. तिथे वास्तव्य असते १९७० च्या दशकातल्या मोठ्या कार्यालयीन यंत्रांच्या कळफलकांचे. त्या काळी एका अवाढव्य मध्यवर्ती संगणकाला अनेक टर्मिनले जोडलेली असत आणि त्यांवर बसणारे बहुतेक लोक आदल्या दिवसापर्यंत टाइपरायटर चालवत आलेले. पडद्यावर अक्षर गुपचूप उमटते, हे त्यांना पटेना. आयबीएमच्या त्या काळच्या काही कळफलकांत म्हणून एक विद्युतचुंबक बसवलेला असे. प्रत्येक कळीगणिक तो आतल्या पेटीवर ठोका देई, केवळ आवाज व्हावा म्हणून. काम कागदावरून पडद्यावर गेले, पण माणसाच्या कानाला जुन्या यंत्राची सोबत हवी होती आणि अभियंत्यांनी ती मान्य केली. त्यांचे हे सौजन्य आजच्या उपकरणे घडवणाऱ्यांनी थोडे तरी शिकून घ्यावे.

त्याच सुमारास हनीवेल कंपनीच्या मायक्रो स्विच विभागाने चुंबकावर चालणाऱ्या कळा बनवल्या. कळीच्या दांडीला लोहचुंबक, खाली त्याची चाहूल घेणारी चकती. धातूला धातू कुठेच टेकत नाही, त्यामुळे टेकून झिजण्यासारखे तिथे काही नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे असे कळफलक धूळ झटकून जोडले की पुष्कळदा चालू लागतात. गंमत अशी की आज खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या महागड्या कळफलकांत हीच युक्ती नवलाई म्हणून परत आली आहे.

अशाच चुंबकी कळांवर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९७८ साली एक कळफलक रचला गेला. जॉन कल्प यांनी रचलेल्या या कळफलकाला 'स्पेस कॅडेट' असे नाव पडले. त्यावर एका अक्षराचे रूप पालटण्यासाठी आपल्या ओळखीच्या शिफ्टसारख्या सात निरनिराळ्या कळा होत्या. ग्रीक अक्षरे होती, गणिताची चिन्हे होती आणि चार कळांवर चक्क हाताची चित्रे होती: डावीकडे बोट, उजवीकडे बोट, अंगठा वर, अंगठा खाली. आज पसंती दाखवायला आपण मोबाइलवर जो अंगठा टेकवतो, तो समाजमाध्यमे जन्माला येण्याआधी पंचवीसेक वर्षे त्या कळफलकावर छापलेला होता. असे नमुने जगात थोडेच उरले आहेत.

आणखी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे, कारण कळफलक हा पुरावा कसा ठरतो ते त्यातून दिसते. आपल्या माजी विद्यार्थ्यांत संगणकाच्या व्यवसायात असलेले पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांनी 'व्हीआय' हा संपादक वापरला असेल. त्यात पडद्यावर डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जायला एच, जे, के, एल या कळा वापरतात. हीच अक्षरे का? नवख्याला हा केवळ लहरीपणा वाटतो. बिल जॉय यांनी तो संपादक लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर एडीएम-३ए या नावाचे टर्मिनल होते आणि त्याच्या कळफलकावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. बाणांची चित्रे याच चार अक्षरांवर छापलेली होती. ते टर्मिनल १९७६ चे. ते केव्हाच भंगारात गेले, सवय मात्र आजही लाखो बोटांत जिवंत आहे. त्या सवयीचे मूळ ज्याला पाहायचे आहे, त्याला कळफलकच पाहावा लागतो.

मग हे सारे सापडते कुठे? जुन्या वस्तूंच्या बाजारात, विद्यापीठांच्या तळघरांत, रुग्णालयांच्या आणि ग्रंथालयांच्या लिलावांत आणि सर्वांत अधिक म्हणजे टाकाऊ विद्युत उपकरणे फोडणाऱ्यांच्या आवारात. विकणाऱ्याला आपल्याकडे काय आहे हे ठाऊक नसते. 'जुना कीबोर्ड, चालतो की नाही माहीत नाही' एवढेच त्याचे वर्णन. त्यामुळे अनुभवी शिकारी नावाने शोधत नाही. जुन्या संगणकाच्या विक्रीसाठी काढलेल्या छायाचित्रात टेबलाच्या कडेला काय डोकावते आहे, हे तो पाहतो. वायरीचे टोक गोल पाच खिळ्यांचे आहे की टेलिफोनच्या खटक्यासारखे, यावरून कुळी ओळखतो. वजन विचारतो, कारण ज्याच्या पोटात लोखंडी पत्रा आहे तो कळफलक हातात घेताच बोलतो. दूरदेशीचा असेल तर पाठवणीचा खर्च वस्तूच्या किमतीवर जातो, तरी तो मागवला जातो.

या छंदाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कळफलक संग्राहक कधी कधी एखाद्या जुन्या टर्मिनलचा कळफलक तेवढा विकत घेतो आणि मागे राहिलेले यंत्र निरुपयोगी होऊन फोडायला जाते. अशा टर्मिनलला दुसरा कोणताही कळफलक चालत नाही. जुनी यंत्रे जपणाऱ्यांचा या लोकांवर राग आहे तो यामुळे. काही जण तर त्याहून पुढे जातात. जपानच्या आल्प्स कंपनीच्या जुन्या स्विचांना, विशेषतः निळ्या दांडीच्या स्विचांना, मोठी मागणी आहे. म्हणून सबंध कळफलकाचे स्विच उपसून ते नव्या पेटीत बसवायचे आणि सांगाडा टाकून द्यायचा. देवळाचा कोरीव खांब उपटून दिवाणखान्यात लावण्यासारखेच हे कृत्य. जो वस्तू तिच्या जागेसह, तिच्या यंत्रासह आणि कागदपत्रांसह राखतो, तोच संग्राहक या नावाला पात्र. बाकीचे गिऱ्हाईक.

खरा संग्राहक वस्तू मिळाल्यावर अर्धे काम झाले असे मानतो. पुढचे अर्धे चिकाटीचे असते. मॉडेल एफच्या पोटात फेसाची एक पातळ घडी असते. चाळीस वर्षांत तिचा भुगा झालेला असतो, ती बदलावी लागते. मॉडेल एमच्या आतील पत्रा प्लास्टिकच्या बारीक रिव्हेटांनी धरलेला असतो. वयोमानाने त्या एकेक करून तुटतात आणि कळांचा ठणठणीतपणा जातो. मग प्रत्येक जागी भोक पाडून बारीक स्क्रू बसवण्याचे काम. पेटी पिवळी पडलेली असते, तिला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून प्रकाशात ठेवले की मूळचा रंग बराचसा परततो. मात्र असे करावे की नाही यावर संग्राहकांत दोन तट आहेत. काशाच्या मूर्तीवरचा काळसरपणा घासावा की ठेवावा, याबद्दल जसा वाद असतो तसाच हा. कळांची टोपणे मात्र, पीबीटी नावाच्या प्लास्टिकची असतील, तर सहसा पिवळी पडत नाहीत. त्यांवरची अक्षरे वरून छापलेली नसून रंग उष्णतेने प्लास्टिकात मुरवलेला असतो. सरतेशेवटी जुन्या टोकाची भाषा नव्या यंत्राला कळावी म्हणून मध्ये एक छोटा दुभाष्या बसवतात, बोटाच्या पेराएवढा सूक्ष्मनियंत्रक. तो जोडला की कित्येक दशके मुका असलेला कळफलक पुन्हा अक्षरे उमटवू लागतो.

साफसफाईसाठी टोपणे काढली की आत सापडते ते आणखी बोलके. स्टेपलरच्या पिना, बिस्किटांचा चुरा, केस, सिगारेटची राख. टोपणांवर झिजेची नोंद असते. बँकेत राबलेल्या कळफलकाचे अंक गुळगुळीत होतात, पत्रे लिहिणाऱ्याची स्वराक्षरे. लांब आडव्या कळीवर, जिने शब्दांत अंतर पडते, एकाच बाजूला चकाकी असते. त्या जागी एका माणसाचा एकच अंगठा वर्षानुवर्षे पडत आलेला असतो. त्याचे नाव कुठेही नोंदलेले नाही. जात्याच्या खुंट्याला किंवा विहिरीच्या काठावर दोराच्या घासाने पडलेल्या खाचांना जसे नाव नसते, तसेच.

जपानमधले संगणकशास्त्राचे प्राध्यापक एइइती वादा यांनी कळफलकाची तुलना घोड्याच्या खोगिराशी केली आहे. घोडा, म्हणजे संगणक, मरतो आणि बदलतो. खोगीर स्वाराच्या अंगाला बसलेले असते, ते तो सोडत नाही. त्यांच्याच कल्पनेतून १९९६ साली एक अगदी छोटा, अनावश्यक कळा गाळलेला कळफलक तयार झाला आणि तो आजही विकला जातो. जपानचा उल्लेख इथे दुसऱ्या कारणानेही करावा लागतो. फुजित्सू कंपनीने १९८० च्या सुमारास आपल्या ओआसिस या शब्दलेखन यंत्राबरोबर एक निराळाच कळफलक आणला. जपानी लिपीतली ध्वनिचिन्हे साठ-सत्तरच्या घरात. ती तीन रांगांत बसवायची कशी? त्यांनी दोन्ही अंगठ्यांच्या खाली दोन खास कळा दिल्या. बोटाबरोबर अंगठा दाबला की त्याच कळीवरचे दुसरे अक्षर उमटे. लेखन झपाट्याने होई आणि हात जपानीतच विचार करी. अनेक लेखकांनी तो अखेरपर्यंत सोडला नाही. पण बहुसंख्य लोकांनी सोपा मार्ग धरला: रोमन अक्षरांत उच्चार टंकायचा आणि यंत्राने तो जपानीत बदलून द्यायचा. २०२० साली फुजित्सूने अंगठ्याच्या या कळफलकांची विक्री बंद करत असल्याचे जाहीर केले. चाळीस वर्षांनी एका लिपीचे स्वतःचे खोगीर दुकानातून उठले. संग्राहकांनी ते उचलले, हे त्याचे भाग्य.

ही गोष्ट ऐकताना आपल्यापैकी अनेकांना आपल्या हातातला मोबाइल आठवला असेल.

भारतात संगणक मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९८४ च्या संगणक धोरणानंतर. कार्यालयांतून त्याआधी राज्य होते टाइपरायटरचे. देवनागरी टाइपरायटर ही कसरत होती. पन्नासहून कमी कळांत सारी मुळाक्षरे, मात्रा, जोडाक्षरे बसवायची. म्हणून काही अक्षरे अर्धी ठेवली जात आणि काना नंतर जोडून ती पुरी केली जात. 'भ' लिहायचा तर आधी अर्धा 'भ्', मग उभा दंड. ही मांडणी रेमिंग्टन या नावाने ओळखली जाते. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबवले. दरम्यानच्या काळात न्यायालयांबाहेरच्या झाडाखाली, तहसील कचेऱ्यांत आणि टंकलेखनाच्या शिकवणीवर्गांत किती बोटे त्यावर घडली याची मोजदाद नाही. या सभागृहातही अशी काही बोटे बसलेली असतील.

संगणक आला तेव्हा रेमिंग्टनची ही काटछाट तशीच उचलायची की नव्याने विचार करायचा, असा प्रश्न होता. नव्याने विचार करणारे काही लोक कानपूरच्या आयआयटीत होते. तिथून 'जिस्ट' या तंत्राचा उगम झाला. पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ते वाढले. मोहन तांबे यांचा त्यात मोठा वाटा आहे. संगणकाच्या पोटात एक जास्तीचे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी बनवलेली यंत्रे भारतीय लिप्या लिहू लागत. त्याबरोबर आली 'इनस्क्रिप्ट' ही कळांची मांडणी. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये ठरवली, १९८८ मध्ये सुधारली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात दाखल झाली.

इनस्क्रिप्टचे सौंदर्य भाषेच्या शिक्षकाला भुरळ घालणारे आहे. स्वर सारे डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. 'क' आणि 'ख' एकाच कळीवर. शिफ्ट दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण होतो. 'ग' आणि 'घ' तसेच, 'त' आणि 'थ' तसेच. 'कि' लिहिताना वेलांटी कागदावर आधी दिसते, पण उच्चारात 'क' आधी येतो. इनस्क्रिप्ट उच्चाराचा क्रम मानते. पाणिनीच्या परंपरेने वर्णमाला ज्या शास्त्रशुद्ध रीतीने मांडली, तीच रीत इथे प्लास्टिकच्या कळांवर उतरली आहे. शिवाय देवनागरी, बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू अशा आपल्या लिप्यांसाठी मांडणी एकच: जिथे मराठीचा 'क' तिथेच कन्नडचा 'क'. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या, घरी मराठी आणि रस्त्यावर दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला एकदा शिकलेली बोटे दोन लिप्यांत उपयोगी पडतात. इतकी उदार कल्पना कार्यालयीन परिपत्रकांच्या भाषेत गुदमरली, हे दुर्दैव. आज आपली मुले 'kasa ahes' असे नव्हे तरी तशाच अर्थाने रोमन अक्षरांत मराठी उमटवतात आणि यंत्र ती देवनागरीत वळवून देते. अंगठ्याच्या जपानी कळफलकाची कहाणी इथेच घडते आहे; फरक एवढाच की तिथे वस्तू उचलून ठेवणारे लोक आहेत.

कारण आपल्याकडे देवनागरी कळफलकांची वाट थेट भंगाराकडे जाते. दिल्लीतल्या सीलमपूरमध्ये टाकाऊ विद्युत उपकरणे फोडण्याचा मोठा बाजार आहे. अशा ठिकाणी कळफलकाला सर्वांत कमी मान. त्यात सोने नाही की मोठा धातू नाही. तांब्यासाठी आधी वायर कापतात, मग प्लास्टिक वेगळे होते. बँकांत आणि तिकीट खिडक्यांवर ज्याचा टकटकाट आपण ऐकत आलो, तो टीव्हीएसचा 'गोल्ड' कळफलक, ज्याच्या जुन्या प्रतींत जर्मन चेरी कंपनीचे निळे स्विच आहेत, परदेशी संग्राहक आवर्जून मागवतात. आपल्याकडे तो बदलला की पेटीत पडतो. आणि ज्या कळफलकांच्या टोपणांवर कुणी देवनागरीचे कागदी चिकटपट्टे एकेक करून डकवले होते, ते तर कुणाच्याच यादीत नाहीत. ते कारखान्यात बनले नव्हते. एखाद्या लिपिकाने दुपारच्या सुट्टीत ते बनवले होते.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती एका साध्या कामाची आहे. आपापल्या कचेरीतले अडगळीचे कपाट, वडिलांच्या काळच्या छपाईच्या दुकानाचा माळा, बंद पडलेल्या शिकवणीवर्गाची खोली उघडली जाईल, तेव्हा कळफलक आधी उलटा करून मागची चिठ्ठी पाहावी आणि तिचे छायाचित्र घ्यावे. वायर कापू देऊ नये; गुंडाळून दोऱ्याने बांधावी. तो कोणत्या यंत्राला जोडलेला होता, कोण वापरत होते, हे एका कागदावर लिहून सोबत ठेवावे. यंत्र शिल्लक असेल तर दोघांची ताटातूट करू नये. टोपणे स्पिरिटने पुसू नयेत, त्याने चिकटवलेली अक्षरे सुटून येतात. कोरडा मऊ कुंचला पुरे. आणि तो देवनागरीचा आहे की नाही अशी शंका आली, तर इंग्रजी 'एन' ची कळ पाहावी. इनस्क्रिप्टमध्ये 'ल' आणि 'ळ' तिथे एकाच टोपणावर असतात. टोपण गुळगुळीत झालेले असले, तरी खिडकीच्या उजेडात थोडे तिरके धरले की बहुधा दोन्ही दिसतात.